नेहरू प्लेसमधला कॉर्नेट

सेक्टर २९, नोएडा
१२ जुलै १९९८

हिंदुरावभावजी,

वर्षश्राद्धाला अजून अवकाश आहे. हे पत्र त्याबद्दलचं नाही, हे आधीच सांगते, म्हणजे तुम्ही घाबरत वाचणार नाही. माझी तब्येत बरी आहे. शाळा सुरू झाली. नववीची भूमिती पुन्हा माझ्याकडेच आली.

एक काम आहे. पलटणीच्या बँडमध्ये तुम्ही यांच्याबरोबर उभे होता, म्हणून तुम्हालाच सांगते. यांनी आजारपणात एक मार्च लिहिला. पूर्ण बँडचा, प्रत्येक वाद्याचा वेगळा कागद. डॉक्टर तेव्हा म्हणाले होते की गाठ मेंदूत आहे, आता ते जे बोलतील त्याचा अर्थ लावत बसू नका. खरंही होतं. मला ते कुसुमावती म्हणून हाक मारत, त्यांच्या बहिणीच्या नावाने. पण रोज सकाळी टेबलाशी बसून लिहीत. लिहिताना ते तेच होते, की नुसता हात चालत होता, हे मला कळत नाही. आणि कळायला हवं आहे.

वाजवून कोण दाखवणार? निवृत्तीनंतर हे ज्या शाळेत बँड शिकवत, तिथे आता फक्त ढोल आणि बिगुल उरलेत. तुम्हाला झेरॉक्स पाठवावी म्हटलं, तर सगळं पेन्सिलीने लिहिलेलं. छापील पाच रेषा उमटतात, वरचे सूर उमटत नाहीत. आणि मूळ कागद मी पोस्टात टाकणार नाही.

आमच्या शाळेत कॉम्प्युटर शिकवणारी प्रज्ञा म्हणते की आता घरच्या कॉम्प्युटरवर नोटेशन भरलं तर तो सगळी वाद्यं एकदम वाजवतो. त्यात साउंड कार्ड नावाचा भाग चांगला घ्यावा लागतो. तो मी घेणार आहे. ही गोष्ट अजून आमच्या भक्तीलाही सांगितलेली नाही.

मला नोटेशन वाचता येत नाही. इतकी वर्षं घरात असून शिकले नाही. पत्रातून शिकवाल का? आणि दुकानात गेल्यावर काय ऐकून पाहू, तेही सांगा.

भानुमती


गडहिंग्लज
२४ जुलै १९९८

वहिनीसाहेब, रामराम.

तुमचं पत्र भीमाबाईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बघा, वहिनी या वयात कॉम्प्युटर घेतायत, आणि तुम्हाला अजून मिक्सर लावता येत नाही." घरातली माझी इज्जत तुमच्या एका पत्राने गेली.

कागद पाठवला नाहीत ते बरं केलंत. माझ्या बँडपार्टीतली पोरं कानाने वाजवतात. वरातीत नवरदेवाचा मामा सांगेल ते गाणं चालू. कागद समोर धरला तर त्यावर भजी खातील.

आता धडा. पाच रेषा आणि त्यांच्यामधले चार गाळे. सगळ्यात खालच्या रेषेच्याही खाली, स्वतःची छोटी रेघ घेऊन जो सूर लटकतो, तो सी. आपला सा समजा. तिथून एक गाळा, एक रेष असं चढत जायचं. रिकामं अंडं म्हणजे चार मात्रा. अंड्याला काठी लावली की दोन. काठीवालं अंडं काळं केलं की एक. काठीला शेपूट फुटलं की अर्धी. ट्रॉम्बोनच्या कागदावर सुरुवातीला कानासारखी खूण असेल, तिथला हिशेब निराळा, तो मागच्या पानावर काढून दिलाय. शार्प आणि फ्लॅटच्या, म्हणजे सूर अर्धा चढवायच्या आणि उतरवायच्या खुणाही तिथेच आहेत. पचमढीच्या लष्करी बँडशाळेत मला हे शिकायला तीन महिने लागले. विश्वनाथ पहिल्याच आठवड्यात माझ्या चुका काढायला लागला होता.

दुकानात एकच करा. म्हणा, कॉर्नेट वाजव. नाहीतर ट्रम्पेट, दोघं भाऊच. आणि एक सूर लांब धरायला लावा. छोट्या सुरात कुणीही फसवतं. लांब सुरात खोटं लगेच उघडं पडतं.

पैशाचं काही लागलं तर लाजू नका. बाकी भाषण नाही. मला लई आनंद झालाय.

हिंदुराव


नोएडा
२३ ऑगस्ट १९९८

हिंदुरावभावजी,

घेतला!

प्रज्ञा आणि मी काल ब्लूलाइन बसने नेहरू प्लेसला गेलो. तिथे एकावर एक दुकानं, जिन्यात दुकानं, जिन्याखाली दुकानं. पहिल्या दुकानदाराने विचारलं, "मैडम, बच्चा कौन-सी क्लास में है?" मी म्हटलं, "बच्चा नहीं है, मैं ही हूँ." त्याने मला खुर्ची दिली.

सगळ्यांना मला वेगवान मशीन आणि मोठा पडदा द्यायचा होता. "इसमें गेम बिल्कुल मक्खन चलेगा." प्रज्ञाने मला बसमध्येच समजावून ठेवलं होतं. सूर भरणं हे कॉम्प्युटरला अगदी हलकं काम आहे, त्याला वेग लागत नाही. खरी निवड कार्डाची. कार्डं दोन जातींची. एक जात वाद्याचा आवाज गणिताने बनवते. दुसरीत खऱ्या वाद्याचा छोटा तुकडा रेकॉर्ड करून साठवलेला असतो, आणि तोच वरखाली करून ती वाजवते. खोक्यांवर मात्र दोन्हींच्या एकाच प्रकारची चमकदार चित्रं. वरून ओळखू येत नाही.

प्रज्ञाने फ्लॉपीवर एक धून नेली होती. मी म्हटलं, यातलं ट्रम्पेट लावा आणि एक सूर धरून ठेवा. दुकानदाराने त्याऐवजी सिनेमाच्या गाण्याची सीडी लावली. "सुनिए, क्या साउंड है!" प्रज्ञा म्हणाली, "भैया, सीडी तो हर कार्ड पे ऐसी ही बजेगी. फ्लॉपी लगाइए."

लावली. मी म्हटलं, "ये ट्रम्पेट नहीं, मच्छर है."

"मैडम, सबका ऐसा ही होता है."

चार दुकानांत तोच डास. पाचव्या दुकानात एक सरदारजी होते. त्यांनी वरच्या फळीवरचं खोकं उतरवलं, कार्ड बसवलं, आणि सूर धरला. भावजी, मी सांगू शकत नाही. शेजारच्या दुकानातला माणूस डोकावून गेला. सरदारजी म्हणाले, "बहनजी, फौजी घर से हैं?" मी हो म्हटलं.

तर हे कार्ड, ठीकठाक स्पीकर, आणि बाकी सगळं साधं. जुन्या पिढीचा प्रोसेसर, लहान पडदा. प्रश्न नीट वाचा आणि विचारलं तेवढंच उत्तर लिहा, असं मी मुलांना सांगते. माझ्या प्रश्नात कॉर्नेटच होता.

आज सकाळी पहिल्या चार ओळी भरल्या. मग लाइट गेली आणि भरलेलं सगळं पुसलं गेलं. लाइट आल्यावर पुन्हा भरलं. मला राग आला नाही, याचं मलाच नवल वाटतं.

भानुमती


गडहिंग्लज
४ सप्टेंबर १९९८

वहिनीसाहेब,

गणपतीचे दिवस, रोज मिरवणूक. ओठ सुजलेत म्हणून बोलण्यापेक्षा लिहिणं सोपं पडतंय. तुमचं पत्र खिशात घालून फिरतो. डासाची गोष्ट सगळ्या पोरांना सांगितली. आता कुणी बेसूर वाजवलं की बाकीचे "मच्छर, मच्छर" ओरडतात. आमच्या शंभूने परवा ओरडणाऱ्याला झांजेने हाणलं.

पुढे काय झालं? कॉर्नेटचा कागद झाला का? चाल कशी आहे? मला एक ओळ तरी पाठवा हो. माणसाला तहान लावून ठेवू नये.

हिंदुराव


नोएडा
२० सप्टेंबर १९९८

हिंदुरावभावजी,

सगळे कागद भरून झाले. बासरी, क्लॅरिनेट, कॉर्नेट, हॉर्न, ट्रॉम्बोन आणि ड्रम.

शाळेतून आले की चहा गॅसवर ठेवते आणि बसते. चहा बरेचदा उतू जातो. शेजारच्या कर्नलसाहेबांच्या मिसेसनी काल विचारलं, "भानुमतीजी, आपने टीवी बदला क्या?" मी हो म्हटलं.

प्रत्येक वाद्य एकेकटं ऐकलं. कॉर्नेटची चाल सरळ चालत येते आणि मग एकदम पायरी चढल्यासारखी वर जाते. हॉर्न तर इतका समजूतदार आहे, जणू कुणी मागून हं, हं म्हणतंय. ट्रॉम्बोनच्या एका जागी मी हसले. हे असेच चालायचे, सुटीच्या दिवशी, भाजी आणायला निघाले की.

सगळी एकत्र अजून वाजवलेली नाहीत. मुद्दामच. दसऱ्याला भक्ती गुडगावहून येणार आहे. तिला आता सांगितलं. फोनवर म्हणाली, "आई, तू ना, कमाल है यार!" ती आली की दोघी मिळून ऐकू. शाळेत शिकवताना मधेच माझ्या मनात त्या दिवसाचा विचार येतो आणि फळ्यावर हात थांबतो. मुलं समजतात, बाई रागावल्या.

भानुमती


गडहिंग्लज
२६ ऑक्टोबर १९९८

वहिनीसाहेब,

दसरा गेला, दिवाळी गेली, तुमचं पत्र नाही. भीमाबाईने चकल्यांचं पार्सल केलं होतं, त्याचीही पोच नाही. पोस्टात फुटल्या असतील तर तेवढंच लिहा. पण मार्चचं काय ते लिहा.

हिंदुराव


नोएडा
३ नोव्हेंबर १९९८

हिंदुरावभावजी,

चकल्या पोचल्या. छान झाल्या होत्या. कळवायला उशीर झाला, माफ करा. सहामाहीचे पेपर तपासायचे होते, त्यामुळे कॉम्प्युटर सध्या झाकून ठेवला आहे. सवड झाली की पाहीन. भीमाबाईंना नमस्कार.

भानुमती


गडहिंग्लज
१० नोव्हेंबर १९९८

वहिनीसाहेब,

पेपर तुम्ही पंचवीस वर्षं तपासताय. त्यासाठी तुम्ही कधी काही झाकून ठेवलं नाही.

तुम्ही नीट वाजवलंत, आणि जे ऐकलंत ते बरं नव्हतं. एवढं मला न सांगता कळलं. मार्च वाईट असेल तर असू दे. मी विश्वनाथचे वाईट मार्चही वाजवलेत. सीओसाहेबांच्या मुलीच्या वाढदिवसाला त्याने केलेला ऐकला असता तर तुम्ही लग्न मोडलं असतंत. पण तुम्हाला काय ऐकू आलं ते लिहा. तुम्ही गणिताच्या बाई आहात, तसंच लिहा. रडून लिहिलंत तरी चालेल, पण पायऱ्या गाळू नका.

हिंदुराव


नोएडा
१८ नोव्हेंबर १९९८

हिंदुरावभावजी,

लिहिते.

दसऱ्याला पूजा झाल्यावर सगळी वाद्यं एकत्र लावली. पहिल्या सुरापासून भांडण. लग्नाच्या चार वराती एका चौकात आल्यासारखं. मी शेवटपर्यंत चालू ठेवलं, पुढे कुठे जुळेल म्हणून. कुठेच जुळलं नाही. भक्तीने माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, "आई, प्लीज, बंद कर." मग म्हणाली, "बाबांना तेव्हा कळत नव्हतं गं. इट्स ओके."

ती प्रेमाने म्हणाली. ती गेल्यावर मी माझं भरलेलं कागदाशी ताडून पाहिलं. भरण्यात चूक नाही. मग दोन-दोन वाद्यं लावून पाहिली. कॉर्नेट आणि क्लॅरिनेट एकमेकांशी नीट चालतात. बासरी आणि ट्रॉम्बोनही. पण हे दोन गट समोरासमोर आले की बिघडतं, आणि हॉर्न आला की ऐकवत नाही.

कागदावरच ते दिसतं. एकच गाणं, पण बासरीला सुरुवातीला दोन फ्लॅट, कॉर्नेटला काहीच नाही, हॉर्नला उलट एक शार्प. तुमच्या मागच्या पानावरून एवढं मला समजतं की ही तीन वेगळी घरं झाली, तीन वेगळे सा. म्हणजे प्रत्येक कागद लिहिताना ते शुद्धीवर होते, पण आदल्या दिवशी काय लिहिलं ते त्यांना आठवत नव्हतं. एकेक ओळ चांगली आहे, म्हणूनच जास्त वाईट वाटतं.

तुम्ही पायऱ्या गाळू नका म्हणालात. मी गाळलेल्या नाहीत. उत्तर हे आहे. आता आपण हा विषय ठेवून देऊ.

भानुमती


तार
गडहिंग्लज, २४ नोव्हेंबर १९९८

काहीही पुसू नका. विश्वनाथ बरोबर. आपण दोघे चूक. पत्र मागून. हिंदुराव


गडहिंग्लज
२४ नोव्हेंबर १९९८

वहिनीसाहेब,

तार करून आत्ता घरी आलो. तारमास्तर म्हणाला, "कोण गेलं?" मी म्हटलं, "गेलेला परत आला." त्याने माझ्याकडे विचित्र पाहिलं.

ऐका. कागदावर वाद्याच्या नावापुढे इंग्रजी बी आणि त्याला फ्लॅटची खूण असेल बघा. हॉर्नपुढे ई आणि फ्लॅट. ते मला विचारलं का नाहीत? विचारायचं तुम्हाला कशाला सुचेल! सांगायचं मला सुचायला हवं होतं.

कॉर्नेटवाला कागदावर सी बघून वाजवतो, पण बाहेर जो सूर येतो तो बासरीच्या सीपेक्षा एक पूर्ण सूर खाली असतो. वाद्याची नळीच तेवढी लांब. क्लॅरिनेटचं तसंच. हॉर्न तर त्याहून बराच खाली. म्हणून लिहिणारा आधीच हिशेब करतो आणि त्यांचे कागद मुद्दाम चढवून लिहितो. बासरीला दोन फ्लॅट, कॉर्नेटला काही नाही, हॉर्नला एक शार्प: हे असंच असतं, असंच असायला हवं. पचमढीतली पोरं इथेच नापास होतात. डोकं ठिकाणावर नसलेला माणूस हे करूच शकत नाही. तीन घरांचा हिशेब एका डोक्यात धरावा लागतो, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत.

मी जन्मभर कॉर्नेटच वाजवला. माझा सा तोच जगाचा सा, असं समजून मी तुम्हाला धडा दिला. आणि तुमच्या कॉम्प्युटरला नळीच नाही, तो बिचारा लिहिलं तेच वाजवतो.

प्रज्ञाताईंना विचारा, एखादं वाद्य अख्खंच्या अख्खं खाली उतरवायची सोय असेल. कॉर्नेट, क्लॅरिनेट अर्ध्या-अर्ध्या सुराच्या दोन पायऱ्या खाली. हॉर्न नऊ. पेटीवरच्या काळ्या पट्ट्या धरून मोजायचं. बासरी, ट्रॉम्बोनला हात लावू नका.

आजच करा. मी इथे नखं खातोय.

हिंदुराव


नोएडा
२ डिसेंबर १९९८

हिंदुरावभावजी,

नावापुढची ती खूण मला वाद्याचं मॉडेल वाटली होती. स्कूटरवर असतं तसं.

सोय होती. प्रत्येक वाद्यासमोर एक रिकामी चौकट, तिच्यात आकडा घालायचा. उणे दोन, उणे दोन, उणे नऊ. प्रज्ञा शेजारी बसली होती. मी म्हटलं, तू दाब. ती म्हणाली, "नाही बाई, तुम्हीच."

जुळलं.

सगळं जुळलं, भावजी. पहिल्या सुरापासून. जो हॉर्न सगळ्यांत वाईट वाटत होता, तोच खाली उतरल्यावर बाकीच्यांना धरून उभा राहिला. मधे सगळी वाद्यं थांबतात, ट्रॉम्बोन एकटा दोन पावलं टाकतो आणि पुन्हा सगळे येतात. तिथे प्रज्ञाने टाळी वाजवली. मी खिडक्या उघडल्या. आवाज पूर्ण वाढवला. खालच्या लॉनवर उन्हात बसलेले दोन निवृत्त साहेब उठून उभे राहिले आणि वर बघायला लागले, कुठली परेड म्हणून. मी त्यांना हात केला. मी असं कधी करत नाही.

सोबत कॅसेट आहे. मी आत्तापर्यंत किती वेळा ऐकलं ते सांगत नाही.

भक्तीला फोनवर ऐकवलं. ती "हो गं, सुंदर आहे" म्हणाली, पण तिचा आवाज मी ओळखते. तिला वाटतं की कॉम्प्युटरने दुरुस्त केलं. मी समजावलं, तरी तिच्या मनातून जात नाही. आणि खरं सांगायचं तर, हिशेब बरोबर होता एवढं मला कळलं. हिशेब जुन्या सवयीनेही बरोबर येतो. पण हे अगदी त्यांचंच आहे का, ते मी कशावरून सांगणार? मी बँडमध्ये उभी नव्हते. तुम्ही ऐका.

भानुमती


गडहिंग्लज
१२ डिसेंबर १९९८

वहिनीसाहेब,

कॅसेट मिळाली. पहिल्यांदा भीमाबाईबरोबर ऐकली. दुसऱ्यांदा पोरांना ऐकवली, कुणी मच्छर म्हणालं नाही. मग खोलीचं दार लावलं आणि कॉर्नेट काढून कॅसेटबरोबर वाजवायला उभा राहिलो.

आणि वहिनी, माझं टाळकं फिरलं.

ट्रॉम्बोनच्या त्या एकट्या जागेनंतर कॉर्नेट जो वर चढतो, तो खाली यायचं नावच घेत नाही. ओळीमागून ओळ. एक विश्रांती नाही, अर्ध्या मात्रेचीसुद्धा नाही. माणसाने श्वास घ्यायचा कुठे? तुमच्या कॉम्प्युटरला फुप्फुसं नाहीत, तो वाजवतोय निवांत. मी लालभडक झालो. भीमाबाई दार ठोठावायला लागली.

ही त्याची जुनी खोड. विश्वनाथ मूळचा क्लॅरिनेटवाला, पुढे बँडमास्तर झाला. त्याला कायम वाटायचं की कॉर्नेट तेवढ्याच हवेवर चालतो. प्रत्येक मार्चमध्ये एकदा तरी मला असं मारायचा. मी भांडायचो, "तू काठी हलवतोस, तुझं काय जातं? एक श्वास लिही इथे." तो म्हणायचा, "श्वास घे की. फक्त मला ऐकू येऊ देऊ नकोस." बेळगावला, दिल्लीला, सिक्कीमच्या थंडीत, सगळीकडे हेच भांडण. शेवटी मी आणि दुसरा कॉर्नेटवाला आळीपाळीने चोरून श्वास घ्यायचो आणि तो बघून न बघितल्यासारखं करायचा.

मरताना तरी सुधारेल असं वाटलं होतं. नाही सुधारला.

आमची माजी सैनिकांची मंडळी संक्रांतीला पानिपतला, काला अंबच्या लढाईच्या स्मारकाला येतायत. मीही आहे. परतताना दिल्लीत एक दिवस थांबेन. आणि त्याने लिहिलेल्या त्या ओळींत मी दोन श्वास पेन्सिलीने टाकणार आहे, आधीच सांगतो.

हिंदुराव


नोएडा
२३ डिसेंबर १९९८

हिंदुरावभावजी,

रविवारी भक्ती आली होती. तुमचं अक्षर तिला लागत नाही, म्हणून मीच पत्र वाचून दाखवलं. श्वासाची जागा आली तेव्हा ती हसायला लागली. मग मला थांबवून विचारलं, "म्हणजे बाबा आधीपासूनच असं लिहायचे? बरे होते तेव्हाही?" मी म्हटलं, कायम. ती उठली आणि स्वतः कॉम्प्युटर लावला. कॉर्नेटची ती जागा येईपर्यंत उभी होती. तिथे तिने स्वतःचा श्वास धरून पाहिला. अर्ध्यात सुटला. "बापरे, बाबा!" म्हणाली आणि मग माझ्या खांद्यावर डोकं ठेवून खूप रडली. मीही रडले. हे गेले त्या गेल्या वर्षीच्या डिसेंबरपासून आम्ही दोघी एकमेकींसमोर रडलो नव्हतो.

तुम्ही मार्चची स्तुती केली असती तर मी आभार मानले असते, पण मला खात्री वाटली नसती. तुम्ही भांडलात, म्हणून वाटली.

संक्रांतीनंतर जरूर या. सेक्टर ३७ च्या चौकात उतरा, भक्ती घ्यायला येईल. भीमाबाईंना आणा. कॉर्नेट विसरू नका. या कार्डाला बाकीची वाद्यं वाजवत असतानाच माइकमधून येणारं रेकॉर्ड करता येतं, हे मला परवाच कळलं. प्रज्ञाने माइक आणून दिला आहे. कॉम्प्युटरमधला कॉर्नेट मी बंद केला. ती जागा आता रिकामी वाजते, बाकी सगळे तिच्या भोवतीने चालतात.

मात्र कागदावर पेन्सिल लावू देणार नाही. त्यांनी लिहिलंय तसंच राहील. श्वास तुम्ही चोरूनच घ्या.

भानुमती